माळ्यावरची जुनी लष्करी बंदूक: घेण्याआधी काय तपासायचं आणि ठाण्याच्या दमट हवेत ती कशी टिकवायची

कोकणातलं किंवा मुरबाड-शहापूरकडचं जुनं घर पाडायला काढलं की कधी कधी माळ्यावरच्या गोणपाटात एखादी ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू-गोळी ठासून भरायची, बंदूक निघते. नळीवर गंजाचा पापुद्रा, दस्त्याला चीर, घोडा (चाप ओढल्यावर आपटतो तो भाग) अडकलेला. ठाण्यात राहणारा मुलगा लगेच विचारतो, साफ करून हॉलमध्ये लावायची आहे, कोणी कारागीर आहे का? कारागीर इतक्यात नको. आधी कागद, मग एक लाकडी काठी आणि तेलाचं नाव खूप नंतर.

हा लेख दोन प्रकारच्या लोकांसाठी आहे: ज्यांच्या घरात अशी बंदूक निघाली आहे आणि ज्यांना संग्रहासाठी एखादी विकत घ्यायची आहे. बंदूक पुन्हा उडती करायची असेल तर हा लेख कामाचा नाही. ते काम परवानाधारक बंदूकदुरुस्ती करणाऱ्याचं आहे. जुन्या लष्करी बंदुकीच्या बाबतीत ते करूही नये असं माझं ठाम मत आहे, त्याची कारणं पुढे येतीलच.

कायद्यातला पेच

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ४५ (सी) मध्ये एक सूट आहे. हत्यार जुन्या घाटणीचं, पुरातन मोलाचं किंवा मोडकं असेल, आणि दुरुस्त करून वा न करता कशाही प्रकारे बंदूक म्हणून वापरता येण्यासारखं नसेल, तर त्याला हा कायदा लागू होत नाही. लोक यातलं ‘पुरातन’ तेवढं वाचतात आणि निर्धास्त होतात. खरी अट पुढे आहे. ठासणीची बंदूक म्हणजे मुळात एका टोकाला बंद असलेली लोखंडी नळी. घोडा अडकला, स्प्रिंग तुटली, दस्ता फुटला तरी जाणकार कारागीर तिला पुन्हा उभी करू शकतो. त्यामुळे ती दीडशे वर्षांची असली तरी सुटीत बसत नाही असंच धरून मी चालतो. सुटीत बसते की नाही हे विकणाऱ्याने, मामाने किंवा व्हॉट्सॲपवरच्या वकील मित्राने सांगून भागत नाही. पोलीस आयुक्तालयाच्या शस्त्र परवाना शाखेकडून ते लेखी घ्यावं.

गंमत अशी की नळी फाटलेली, बूड (नळीचं मागचं बंद टोक) उडालेलं असं एखादं हत्यार खरोखरच सुटीत बसलं आणि तुम्ही हौसेने त्याची नळी बदलून घेतलीत, तर त्याला सुटीतून बाहेर काढणारे तुम्हीच. शिवाय बंदुकीची दुरुस्ती करायला कारागिराकडे स्वतःचा परवाना लागतो. वागळे इस्टेटमधला टूलरूमवाला कितीही हुशार असला आणि ‘साहेब, दोन दिवसांत स्प्रिंग बनवून देतो’ म्हणाला, तरी तो तुम्हालाही आणि स्वतःलाही गोत्यात आणेल. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बंदूक बाळगल्याबद्दलची शिक्षा साधारण प्रकरणांतही २ ते ५ वर्षं झाली आहे. ‘आजोबांची आठवण होती हो’ हे न्यायालयात फार चालत नाही.

पुरातन वस्तूंचा कायदा वेगळा आहे. १९७२ चा तो अधिनियम शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना लागू होतो. अशी वस्तू देशाबाहेर पाठवता येत नाही आणि तिचा व्यापार करणाऱ्याकडे पुरातत्त्व खात्याचा परवाना लागतो. खात्याच्या मुंबई मंडळाचं कार्यालय शीवच्या किल्ल्यात आहे, ठाण्याहून लोकलने फार लांब नाही. बंदूक शंभर वर्षांहून जुनी असेल तर दोन्ही कायदे एकाच वेळी लागू असू शकतात हे लक्षात ठेवा. एकाची सूट दुसऱ्याला लागू होत नाही.

घरात निघाली असेल तर

पहिलं काम म्हणजे तिला हलवू नका. गावच्या घरातून ठाण्याला एसटीने किंवा गाडीच्या डिकीत घालून आणणं म्हणजे परवान्याशिवाय शस्त्र बाळगून प्रवास करणं. बंदूक जिथे आहे तिथे कुलुपात ठेवा आणि कागद शोधा. शेतीच्या रक्षणासाठी दिलेले ठासणीच्या बंदुकांचे जुने परवाने कोकणात अनेक घरांत सापडतात. छोटी वही असते, तिच्यात नूतनीकरणाचे शिक्के असतात. घरातल्या वडीलधाऱ्यांना नीट विचारा.

“काका, आजोबांच्या परवान्याची वही कुठे असेल?”
“ती तर त्यांच्याबरोबरच गेली असेल रे. पण देवघरातल्या पेटीत बघ एकदा, सातबारा तिथेच असतो.”

अशा पेटीत वही हमखास मिळते असं नाही, पण मिळाली तर अर्धं काम झालं.

परवानाधारक वारला असेल तर वारसाला स्वतःच्या नावाने परवाना काढावा लागतो. परवाना आपोआप उतरत नाही. मधल्या काळात कलम २१ प्रमाणे हत्यार जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं आणि पावती घ्यायची. जमा करताना दोन्ही बाजूंचे, सगळ्या खुणांचे आणि तडे-चिरांचे स्पष्ट फोटो काढून ठेवा, आणि पावतीवर नुसतं ‘जुनी बंदूक, एक नग’ न लिहिता नळीची लांबी व लॉकवरची अक्षरं लिहून घ्या. पोलीस ठाण्याच्या कोठारात एकसारख्या दिसणाऱ्या चार नळ्या असल्या तर आपली कोणती हे त्याच कागदावरून ठरतं.

अर्ज कोणाकडे करायचा हे तुमच्या पत्त्यावर ठरतं. ठाणे, भिवंडी, कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर इथे ठाणे पोलीस आयुक्त. वाशी, बेलापूर, पनवेल, उरण इथे नवी मुंबई पोलीस आयुक्त. शहापूर-मुरबाड ग्रामीण हद्दीत आले, तिथे जिल्हाधिकारी. परवान्याची मुदत ५ वर्षांची असते. एका व्यक्तीला आता जास्तीत जास्त २ बंदुका ठेवता येतात, आणि वारशाने आलेली बंदूकही त्याच दोनमध्ये मोजली जाते. घरात आधीच दोन असतील तर तिसरी भावाच्या किंवा बहिणीच्या नावे जाईल का हे आधी ठरवा.

विकत घ्यायची असेल तर

इथे मी फार उत्साह दाखवणार नाही. मुंबईच्या चोर बाजारात, जुन्या सामानाच्या ऑनलाइन जाहिरातींत ‘डेकोरेटिव्ह पीस आहे, लायसन लागत नाही’ असं सांगून विकल्या जाणाऱ्या बंदुकांपैकी काही नुसत्या नकला असतात आणि काही खऱ्या, पण बिनकागदाच्या. पहिल्या प्रकारात पैसे जातात आणि दुसऱ्या प्रकारात झोप. सरळ मार्ग दोनच: परवानाधारक शस्त्रविक्रेत्यामार्फत हस्तांतर, किंवा पुरातन वस्तूंचा परवाना असलेल्या व्यापाऱ्याकडून सगळ्या कागदांसह खरेदी आणि त्यासोबत शस्त्र कायद्याखालची परवानगी. परदेशी लिलावातून बोली लावून मागवण्याचा विचार असेल तर तो सोडून द्या. आयातीची परवानगी आधी नसेल तर पेटी न्हावा शेवाच्या कस्टम्समध्ये अडकेल, आणि तिच्याबरोबर तुम्हीही.

कोणती घ्यावी याबद्दल एवढंच: पोलिसांच्या खांद्यावर अनेक दशकं दिसलेल्या थ्री-नॉट-थ्रीची म्हणजे ली-एनफिल्डची हौस असेल तर ती आवरा. .३०३ हा बोअर (नळीच्या आतला व्यास) नागरिकांसाठी निषिद्ध आहे. इशापूरच्या कारखान्याने नागरिकांसाठी .३१५ बोअरची रायफल काढली ती याच कारणाने. मार्टिनी-हेन्री (१८७१) आणि स्नायडर (१८६६) या मागून काडतूस भरायच्या बंदुका आहेत, त्या सुटीत बसण्याची आशा धरू नका. संग्रहाच्या दृष्टीने सगळ्यात रंजक, आणि भारतात सगळ्यात जास्त घरांत पडून राहिलेल्या, त्या पुढून ठासायच्या बंदुका: कंपनी सरकारच्या चकमकीच्या (गारगोटीच्या ठिणगीने पेटणाऱ्या), एनफिल्ड घाटाच्या केपाच्या (घोड्याच्या ठोक्याने फुटणाऱ्या छोट्या टोपीने पेटणाऱ्या) आणि आपल्याकडच्या तोड्याच्या (जळत्या वातीने पेटणाऱ्या).

खुणा वाचायला शिका

हा भाग मला सगळ्यात आवडतो, म्हणून इथे जरा रेंगाळतो. बंदूक हातात घेण्याआधी (आणि भरलेली आहे असं समजूनच हातात घ्यायची, त्याबद्दल पुढे) टॉर्च आणि भिंग घेऊन लॉकची पट्टी बघा. लॉक म्हणजे घोडा जिच्यावर बसवलेला असतो ती बाजूची पोलादी पट्टी आणि तिच्या आतली यंत्रणा.

ईस्ट इंडिया कंपनीच्या जुन्या बंदुकांवर हृदयाच्या आकारात व्ही, ई, आय, सी ही अक्षरं असतात. साधारण १८०८ नंतर तिथे पुढच्या पायांत मुकुट धरलेला उभा सिंह आला. राणीच्या सरकारच्या बंदुकांवर मुकुट, त्याखाली ‘व्हीआर’, आणि दुसरीकडे ‘टॉवर’ किंवा ‘एनफिल्ड’ व साल. लहानसा बाण दिसला तर तो ब्रिटिश सरकारी मालाची खूण.

१८५३ च्या घाटाची एनफिल्ड ओळखणं सोपं आहे. एकूण लांबी ५५ इंच, नळी ३९ इंच, नळीला दस्त्याशी बांधणारे तीन पट्टे, बोअर ०.५७७ इंच आणि आत पीळ (गोळीला फिरकी देणाऱ्या वळणदार खाचा). हिच्याच काडतुसांवरून १८५७ चा भडका उडाला. आता खरी मजेची गोष्ट: उठावानंतर सरकारला देशी शिपायांच्या हातात लांब पल्ल्याची अचूक बंदूक द्यायची भीती वाटू लागली. म्हणून दिसायला जवळजवळ तशीच, पण आतून गुळगुळीत, ०.६५६ इंच बोअरची बंदूक त्यांच्यासाठी काढली. मागच्या नेमाची शिडीसारखी पट्टी काढून तिथे साधा ठोकळा बसवला. म्हणजे नळी रिकामी असल्याची खात्री झाल्यावर तोंडाशी बोट घालून पीळ लागत नाही आणि मागे साधा ठोकळा आहे, तर ती ‘बिघडवलेली’ बंदूक नसून त्या अविश्वासाचा पुरावा असू शकते. हा ठोकळा ‘चुकीचा’ म्हणून काढून तिथे शिडी बसवणारे हौशी लोक असतात. त्यांच्यापासून बंदूक वाचवणं हेच खरं जतन.

नकला ओळखायच्या तर अक्षरांकडे बघा. आता पाकिस्तानात असलेल्या, सरहद्दीकडच्या दर्रा आदमखेलसारख्या गावांत इंग्रजी न येणाऱ्या कारागिरांनी खुणा ठोकल्या, त्यामुळे ‘एन’ हे अक्षर उलटं, स्पेलिंग चुकलेलं, साल त्या घाटाशी न जुळणारं असं आढळतं. शोभेच्या नव्या नकलांमध्ये पितळ पिवळंधमक असतं, स्क्रूच्या खाचा रुंद आणि सगळ्या एकसारख्या असतात, आणि गंज सगळीकडे सारखा. खरा गंज कधी सारखा नसतो. हात लागतो तिथे, केप फुटतो तिथे आणि लाकूड-लोखंड मिळतात त्या रेघेवर तो वेगळा दिसतो.

तोड्याच्या देशी बंदुकांवर बहुधा अक्षरं नसतात. तिथे नळीची घडण, कानाच्या (नळीत आग जाते त्या बारीक भोकाच्या) भोवतीची झीज आणि रंजकाची, म्हणजे पेटवायच्या बारीक दारूची, वाटी हेच वाचायचं.

भरलेली आहे का? ही पायरी गाळू नका

ठासून ठेवलेली बंदूक तशीच माळ्यावर टाकायची पद्धत होती. रात्री डुक्कर आलं तर हाताशी असावी म्हणून. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनंतरही पेटते. म्हणून नळीच्या तोंडासमोर स्वतः कधीही उभं राहू नका, चाप ओढून ‘बघू’ नका आणि घोडा चढवू नका.

नळीत जाईल अशी सरळ लाकडी काठी घ्या. लोखंडी सळई नको, ठिणगी उडते. तोंड कोणाकडेही नाही अशा दिशेला ठेवून, बाजूला उभं राहून काठी हळूच तळापर्यंत जाऊ द्या, ठोसू नका. तोंडाशी काठीवर पेन्सिलने खूण करा. मग काठी बाहेर काढून नळीच्या बाहेरून तोंडाशी ती खूण जुळवून ठेवा. काठीचं टोक केपाच्या निपलच्या (केप बसवतात त्या छोट्या नळकांडीच्या) किंवा रंजकाच्या कानाच्या जवळ पोचत असेल तर नळी रिकामी आहे. दोन-तीन इंच आधीच थांबत असेल तर आत काहीतरी आहे. ते कुंभारमाशीचं घर असू शकतं, चिंधी असू शकते किंवा दारू आणि शिशाची गोळी असू शकते.

टोक आधी थांबलं तर तिथेच काम थांबवा. काढायचा प्रयत्न, ड्रिल, उष्णता, पाण्याची नळी, यातलं काहीही घरी करू नका. पोलीस ठाण्याला कळवा किंवा परवानाधारक बंदूकवाल्याला घरी बोलावून विचारा. मार्टिनी किंवा स्नायडरसारखी मागून भरायची बंदूक असेल आणि मागचा भाग गंजून उघडत नसेल, तर ती भरलेलीच समजायची.

काम सुरू करण्याआधी

फोटो. सूर्यप्रकाशात, पट्टी शेजारी ठेवून, प्रत्येक खुणेचा, प्रत्येक चिरेचा. मग एक वही. काय केलं, कोणत्या तेलाने, कोणत्या तारखेला, हे लिहायचं. पुढे एखाद्या संग्रहालयाला वस्तू द्यायची वेळ आली तर ही वही बंदुकीइतकीच कामाची ठरते.

मग स्वतःसाठी एक नियम घालून घ्या: जे परत पूर्ववत करता येणार नाही ते आज करायचं नाही. तेल पुसता येतं, मेण काढता येतं. सँडपेपरने गेलेली खूण परत येत नाही. बफिंगची चाकं, अँगल ग्राइंडरची तारेची वाटी, चिंच-लिंबू, व्हिनेगर, टॉयलेट क्लीनर, गंज खाणारी जेली हे सगळं बाजूला. चकचकीत पोलादी नळी बघून पाहुणे वा वा म्हणतात, जाणकार मात्र दुसरीकडे बघतो.

उकलायची किती?

शक्य तितकी कमी. लॉक, नळी आणि दस्ता वेगळे झाले तरी घरच्या कामाला पुरे आहे. तेही जड जात असेल तर न उकलता, आहे तशीच स्वच्छ करा.

जुन्या स्क्रूच्या खाचा अरुंद असतात. बाजारातला उतरत्या धारेचा पेचकस त्यात टोकालाच अडकतो, घसरतो आणि डोकं खराब करतो. एखादा जुना पेचकस घेऊन त्याचं पातं दोन्ही बाजूंनी समांतर घासून, खाचेच्या बरोबर जाडीचं आणि रुंदीचं करून घ्या. एवढं काम मात्र टूलरूमवाला करून देऊ शकतो, त्याला बंदूक दाखवायची गरज नाही. स्क्रूभोवती सुईने शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब सोडा, एक दिवस थांबा, पुन्हा सोडा. घाई केली की स्क्रू तुटतो, आणि त्याचे आटे आजच्या कोणत्याही प्रमाणात बसत नाहीत.

लॉक काढताना दस्त्याच्या पलीकडच्या बाजूचे दोन स्क्रू थोडे सैल करा आणि त्यांच्या डोक्यांवर लाकडी मुठीने हलकेच आळीपाळीने टकटक करा. लॉक सारखं बाहेर सरकतं. पेचकस घालून उचकटलं की लाकडाची कड फुटते, आणि जुन्या बंदुकांत ही फुटलेली कड सर्रास दिसते. आतली मोठी स्प्रिंग दाबून काढू नका, तिला वेगळं हत्यार लागतं, उडाली तर डोळा जाईल. नळीचं बूड कधीही फिरवून काढायचं नाही, आणि निपल अडकलं असेल तर अडकलेलं राहू द्या.

प्रत्येक स्क्रूला चिठ्ठी बांधा. एनफिल्डच्या सरकारी कारखान्यात यंत्रावर बनलेले भाग एकमेकांत बसतात. खासगी कारागिरांनी हाताने जुळवलेल्या बंदुकांत मात्र वरचा स्क्रू खालच्या भोकात बसत नाही, आणि बसवला तर आटे जातात.

लोखंड

नळी रिकामी आहे हे नक्की झाल्यावर आतला कचरा काढायचा. काळ्या दारूचा मळ तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतो, आणि त्यातले क्षार हवेतला ओलावा ओढून घेतात. जुन्या केपातले क्षारही तसेच. म्हणून बॅटरीच्या दुकानात मिळणारं डिस्टिल्ड वॉटर गरम करून, कापडाच्या छोट्या चकत्या काठीला गुंडाळून आत फिरवा, चकत्या स्वच्छ येईपर्यंत. नळाचं पाणी वापरू नका. लगेच कोरड्या चकत्या, मग हेअर ड्रायरची कोमट हवा, मग तेलाची चकती. हे काम पावसाळ्यात करू नका. डिसेंबर ते फेब्रुवारी हा ठाण्यातला सगळ्यात चांगला काळ.

बाहेरच्या गंजासाठी मशीनचं हलकं तेल लावून दोन दिवस ठेवा आणि मग मऊ पितळी किंवा ब्राँझची लोकर हलक्या हाताने फिरवा. तांबूस, सैल गंज निघेल. खालचा काळपट-तपकिरी थर घट्ट आणि गुळगुळीत असेल तर तिथेच थांबा. तो थर आता नळीचं रक्षण करतो. खुणांच्या आसपास लोकरही नको, बांबूची टोकदार काडी आणि तेल पुरतं. साफ केल्यावर काही दिवसांनी नारिंगी रंगाचे घामासारखे थेंब परत परत दिसले तर लोखंडात क्षार मुरलेले आहेत. खाडीच्या किंवा समुद्राच्या काठच्या घरांतल्या वस्तूंत हे होतं. त्याला घरगुती उपाय नाही, संवर्धनतज्ज्ञाला दाखवा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं स्वतःचं संवर्धन केंद्र आहे. योग्य माणसापर्यंत पोचायला सुरुवात तिथून करावी. अर्थात परवान्याच्या कागदांसह.

शेवटी सगळं कोरडं करून मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ थर द्या. ते न मिळाल्यास मशीनच्या तेलाची पुसट फिल्म चालते, पण दर महिन्याला बघावं लागतं. फवाऱ्याची डब्लूडी-४० गंजलेला स्क्रू सोडवायला उपयोगी, लांबच्या मुदतीच्या रक्षणाला नाही. आणि खोबरेल मुळीच नाही. गावाकडे वर्षानुवर्षं तेच लावत आले आहेत. थंडीत ते थिजतं, जुनं झालं की चिकट होतं, आणि पितळाला हिरवं करतं.

पितळ

दस्त्याच्या टाचेची पाटी, चापाभोवतीची कडी आणि टोकावरची टोपी पितळेची असते. मऊ कापडाने पुसा आणि सोडून द्या. पितांबरी आपल्या ठाण्याचीच, तांब्या-कळशांना उत्तम, पण इथे तिची जागा नाही. बाजारातली अमोनिया असलेली पॉलिश तर अजिबात नको. ब्रिटिश फौजेची पितळी काडतुसं हिंदुस्थानच्या पावसाळ्यात तबेल्यांत ठेवली की त्यांना आपोआप चिरा पडत. कारण १९२१ मध्ये उलगडलं: घोड्यांच्या मुतातला अमोनिया, दमट हवा आणि धातूत राहिलेला ताण. ठोकून वाकवलेल्या जुन्या पितळेत असा ताण असतोच.

लाकूड

दस्ता बहुधा अक्रोडाचा, देशी असेल तर शिसवीचा वगैरे. आधी किडा आहे का बघा. छोटी गोल भोकं जुनी असू शकतात, पण खाली पांढऱ्या कागदावर ठेवल्यावर ताजी भुकटी पडली तर किडा जिवंत आहे. दस्ता प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून बाकीच्या फर्निचरपासून लांब ठेवा आणि पेस्ट कंट्रोलवाल्याशी बोला.

मळ काढायला किंचित ओलसर कापड, नंतर टर्पेंटाइनचा हलका हात. लाकूड घासून नवं करू नका. त्यात शिपायाने कोरलेला क्रमांक, खाच, कधी नाव असतं. टर्पेंटाइन उडून लाकूड कोरडं पडल्यासारखं दिसलं तर उकळलेलं जवसाचं तेल अगदी थोडं, बोटाने चोळून, अर्ध्या तासाने उरलेलं पुसून. पुन्हा हात देण्याआधी काही दिवस जाऊ द्या. वॉर्निश, पॉलिश, लॅकर काही नको.

आता महत्त्वाचं: जवसाच्या तेलाची फडकी चुरगळून कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. ती सुकताना तापतात आणि कोणी काडी न लावता पेट घेऊ शकतात. पाण्यात भिजवून, मग पिशवीत बांधून टाका. बंद फ्लॅटमध्ये बंदुकीपेक्षा मोठा धोका त्या फडक्यांचा आहे.

मोठी चीर असेल तर फेविकॉल भरायचा मोह टाळा. ती परत उघडता येत नाही. सुती नाडीने सैलसर बांधून ठेवा आणि जाणकाराला दाखवा.

पावसाळा

ठाणे-नवी मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये हवेतला दमटपणा ८० टक्क्यांच्या वरच असतो, आणि ६० ते ६५ च्या पुढे लोखंड झपाट्याने गंजतं. त्यामुळे केलेलं सगळं काम एका पावसाळ्यात वाया जाऊ शकतं.

परवान्याची बंदूक हॉलच्या भिंतीवर टांगायची नसते, ती कुलुपात ठेवायची. ते कपाट बाहेरच्या भिंतीला, त्यातही पश्चिमेकडच्या ओल येणाऱ्या भिंतीला टेकवू नका. आत एक स्वस्त डिजिटल आर्द्रतामापक आणि रंग बदलणारं सिलिका जेल ठेवा. रंग बदलला की ओटीजीमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन-तीन तास तापवून ते परत वापरता येतं. कातडी म्यान, खोळ, मखमलीची पेटी, प्लॅस्टिकची बंद पिशवी यांत ठेवू नका. सगळ्यांत ओल धरते. धुतलेल्या सुती कापडात सैल गुंडाळा. एसी चालू असलेल्या खोलीतून गार बंदूक एकदम दमट गॅलरीत नेली तर तिच्यावर दव धरतं, हेही लक्षात असू द्या. हाताच्या घामाने बोटांचे ठसे लोखंडावर उमटतात, म्हणून सुती हातमोजे.

खंडेनवमीला पूजा करायचीच असते, आणि करावी. फक्त हळदकुंकू थेट नळीवर नको. दस्त्याच्या शेजारी सुपारीवर वाहा, किंवा बंदूक कापडाने झाकून वर वाहा. झेंडूचं ओलं फूल रात्रभर लोखंडावर राहिलं तर दुसऱ्या दिवशी खाली गोल डाग असतो. दसरा झाला की तोच दिवस वार्षिक तपासणीचा धरा: कपाट उघडा, पुसा, मेण बघा, सिलिका जेल तापवा, वहीत नोंद करा. त्याच वेळी परवान्याच्या वहीतली मुदत बघा, कारण नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या आधी गेलेला बरा. निवडणूक जाहीर झाली आणि शस्त्र जमा करायचा आदेश आला, तर त्याच वहीतले फोटो आणि मापं घेऊन पोलीस ठाण्यात जा.

परवाना नाकारला गेला किंवा घरात कोणाला तो घ्यायचाच नसेल, तर जमा केलेली बंदूक परवानाधारकाला विकता येते. खुणा दुर्मीळ असतील तर एखाद्या सरकारी संग्रहालयाला लेखी देऊ करता येते. त्या पत्रासोबत फोटो, मापं, सापडल्याचं ठिकाण आणि घरात कोणाकडे होती हे लिहून द्या. पत्राची पोच घ्यायला विसरू नका.